भरल्या घरातली एकटी माणसं

(कुंभार पिंपळगाव येथे व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



कुंभार पिंपळगावहून जांब समर्थ काही फार लांब नाही. १६०८ साली रामनवमीला तिथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, बाराव्या वर्षी ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघून गेला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही कथा या परिसरातल्या लेकरालाही पाठ असते. बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तपश्चर्या, पुढची बारा वर्षं भारतभ्रमण. चोवीस वर्षांनी मुलगा दारात उभा राहिला तेव्हा आई राणूबाईंची दृष्टी गेलेली होती. रडून रडून गेली, असं परंपरा सांगते.

कीर्तनात ही कथा मुलाच्या बाजूने सांगितली जाते. आईच्या बाजूने पाहिलं तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. राणूबाई एकट्या राहत नव्हत्या. नवरा आधीच वारलेला होता, पण थोरले चिरंजीव गंगाधरपंत घरात होते, त्यांचा संसार होता, देवघरात राम होता. म्हातारीला कुणी टाकलं, असं त्या घराविषयी कुणीही म्हटलेलं नाही. सगळं होतं, तरी आईचा जीव लागत नव्हता.

आज गावात ज्येष्ठांच्या एकटेपणाचा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : घरात सगळे आहेत, वेळेवर ताट मिळतं, मग म्हाताऱ्याला काय कमी? एकटेपणा ही पुण्यामुंबईच्या फ्लॅटमधली गोष्ट, खेड्यात शेजारपाजार आहे, असाही एक समज आहे. या व्याख्यानाचं म्हणणं याच्या उलट आहे. खेड्यातलं एकटेपण भरल्या घरात राहतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. आणि नुसती काळजी घेऊन ते जात नाही. म्हाताऱ्या माणसाची कुणाला तरी गरज असावी लागते, ठरलेल्या वेळी कुणीतरी त्याची वाट पाहावी लागते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात जिवाभावाचं एक माणूस हरवलेलं असतं : नवरा, बायको, पाठची बहीण. दुसऱ्यात माणसांचा गोतावळा हरवतो, म्हणजे ज्यांच्यात उठबस होती ते सोबती, शेजारी, भजनातले साथीदार. वाइस यांचा महत्त्वाचा मुद्दा असा की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. मालक गेलेल्या बाईला दहा नातवंडांचा गलका पुरत नाही, आणि ज्याच्या बरोबरीची सगळी माणसं गेली त्याला सून कितीही चांगली मिळाली तरी जुनी गोष्ट कुणाला सांगावी हे कळत नाही. आज घरोघरी या दोन्ही प्रकारची माणसं बसलेली आहेत आणि दोघांनाही एकच औषध दिलं जातं : ‘आजी, टीव्ही लावून देऊ का?’

शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी अनेक वर्षं या विषयाचा अभ्यास केला आणि २००८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. भूक लागली की शरीर अन्न मागतं, तसंच एकटेपण म्हणजे शरीराने माणूस मागणं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे तो काही स्वभावाचा दोष नव्हे. पण हे मागणं वर्षानुवर्षं पुरं झालं नाही की मन दुसऱ्याच दिशेला वळतं. माणूस संशयी होतो, साध्या बोलण्यात टोमणा ऐकतो, चारचौघांत जायचं टाळतो. घरचे म्हणतात, म्हातारा तिरसट झाला. मग ते अंतर ठेवतात आणि त्याचा संशय पक्का होतो. २०११ साली कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकटेपणावरच्या अनेक उपायांचे निष्कर्ष एकत्र तपासले. लोकांना नुसतं एकत्र बसवण्यापेक्षा मनात घट्ट झालेले हे समज सैल करणारे उपाय जास्त उपयोगी पडतात, असं त्यातून दिसलं. वर्षातून एकदा शाल, श्रीफळ आणि फळवाटप करून काही बदलत का नाही, याचं उत्तर यात आहे.

हा विषय केवळ मनाचाही नाही. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांतली तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातला दर सहावा माणूस एकटेपणाने ग्रासलेला असल्याचं सांगितलं आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली. त्यांत एकाकीपणा आहे, कमी ऐकू येणं आहे आणि कमी दिसणंही आहे. ही तीन कारणं एकमेकांत कशी गुंततात ते पुढे येईलच.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ४० लाख होती आणि त्यांतली ७ कोटींहून अधिक खेड्यांत राहत होती. महाराष्ट्रात शंभरांतली जवळपास दहा माणसं साठीपुढची होती. २०५० पर्यंत देशात हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अंदाज आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढच्या ७० हजारांवर माणसांची पाहणी केली. तिच्यानुसार साठीपुढच्यांपैकी सुमारे ६ टक्के माणसं पूर्ण एकटी राहतात आणि साधारण २० टक्के माणसं मुलांशिवाय, जोडीदारासोबत राहतात. बाकीचे बहुतेक मुलाबाळांत आहेत. राणूबाई या बाकीच्यांतल्या.

आता जालना जिल्ह्याकडे येऊ. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी ज्या शिवारांना लागलं तिथे ऊस उभा आहे, मोसंबीच्या बागा आहेत. त्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू वाड्यावस्त्यांतून आणि तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टर भरला जातो, भांडी, सरपण, शेळी, तान्हं लेकरू वर चढतं आणि शाळेतली पोरं मागे राहतात. ती राहतात कुणाकडे? आजी-आजोबांकडे. पुढचे पाच-सहा महिने त्या घरात सत्तरीचं माणूस आणि सात-आठ वर्षांची दोन पोरं. शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली ती या पोरांसाठी. पोरांना जेवण मिळतं, शाळा सुटत नाही. पण रात्री पोराला ताप आला तर दार ठोठावायचं कुणाचं, उचल फिटेल की नाही हे बोलायचं कुणाशी, हा त्या आजीचा प्रश्न कोणत्याही नोंदवहीत नाही. कामाचा ढीग आहे, तरी तीही एकटीच आहे. कारण हे काम तिला कुणी विचारून दिलेलं नाही आणि झाल्यावर कुणी दखलही घेत नाही.

दुसरी वाट वाळूज, चिकलठाणा, चाकण, रांजणगाव, भोसरीची. पोरगा कंपनीत लागतो, सूनही जाते, नातवंडं तिथल्या शाळेत जातात. पोळ्याला, दिवाळीला, जत्रेला गाडी येते, दोन दिवस घर भरतं आणि तिसऱ्या दिवशी तेच घर खायला उठतं. म्हातारा-म्हातारीला पोरगा शहरात बोलावतोही. पण चौथ्या मजल्यावर, दाराला कडी लावून, दिवसभर कुणाशी न बोलता बसणं त्यांना जमत नाही. पंधरा दिवसांत ‘आम्हाला गावी नेऊन सोड’ सुरू होतं. लोक याला हट्ट म्हणतात, पण त्या माणसाला आपल्या गोतावळ्याची भूक लागलेली असते.

तिसरी गोष्ट कुणाच्या जाण्याशी जोडलेली नाही. सातबारा मुलाच्या नावावर झाला, कापूस-सोयाबीन आलं, फवारणीचा सल्ला कृषी केंद्रातून मिळू लागला. ज्याने चाळीस वर्षं नक्षत्रं मोजून तिफण धरली, त्याला आता पेरणी कधी करायची हे कुणी विचारत नाही. बाईचा हात स्वयंपाकघरात थोडा जास्त टिकतो. मग सुनेच्या हाती चूल जाते आणि तिचंही विचारणं थांबतं. शिवाय साठीपुढच्या बायकांत निम्म्याच्या आसपास विधवा आहेत. पुरुषाला निदान मारुतीचा पार आहे. बाईला काकडा, हरिपाठ आणि सप्ताह सोडला तर घराबाहेर बसायची हक्काची जागा कोणती, याचा गावाने विचारच केलेला नाही.

मराठी रंगभूमीने या दुःखाकडे पन्नास वर्षांपूर्वीच पाहिलं. १९७० साली शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आलं आणि त्याच दशकात जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’. दूर गेलेल्या मुलांची वाट पाहणारे दळवींचे नाना-नानी शहरी, मध्यमवर्गीय होते. ट्रॅक्टर गेल्यावर मागे राहिलेल्या आजीचं नाटक अजून लिहायचं आहे.

आता पारावरचा एक म्हातारा जवळून पाहू. सकाळी दहाला चार-पाच जण जमतात. एक जण काहीतरी सांगतो, सगळे हसतात. या म्हाताऱ्याचं हसू अर्धा क्षण उशिरा येतं, कारण तो बोलणं ऐकून हसत नाही, इतरांचे चेहरे पाहून हसतो. कुणी त्याला थेट प्रश्न विचारला तर तो ‘हां, हां’ म्हणतो आणि उत्तर भलतंच निघतं. मग लोक हसतात, तेव्हा मात्र त्याला बरोबर कळतं. महिन्याभराने तो पाराच्या कडेला बसायला लागतो. दोन महिन्यांनी येणं बंद. घरी विचारलं तर सांगतो, गुडघा दुखतो. त्या गुडघ्याला गोळ्या सुरू होतात. कान कुणी तपासत नाही.

एकटेपणाचं हे कारण सगळ्यांत स्वस्तात दूर होण्यासारखं आहे. कधी नुसता मळ साठलेला असतो आणि आरोग्य केंद्रात पाच मिनिटांत तो निघतो. कधी यंत्र लागतं. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र माणसाला श्रवणयंत्र, चष्मा, काठी यांसारख्या साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. मात्र यंत्र मिळालं म्हणजे काम संपलं नाही. सुरुवातीला ते शिट्टी मारतं, भांड्याचा आवाज डोक्यात जातो आणि आठवड्याभरात यंत्र डबीत जाऊन बसतं. नातवाने महिनाभर रोज संध्याकाळी अर्धा तास समोर बसून आजोबांना ते लावायला लावलं तर ते कानात टिकतं. त्या अर्ध्या तासात गप्पा होतात त्या वेगळ्याच.

साध्या सोयीने एकटेपण कमी होण्याचं दुसरं उदाहरण एसटीचं. २६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आधीपासून होतं आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट लागतं. या सवलतींवर टीका पुष्कळ झाली. पण तालुक्याच्या कोणत्याही थांब्यावर सकाळची गाडी पाहावी. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला खोचलेली, हातात लेकीच्या घरी न्यायची भाजी. पूर्वी वर्षाला एकदा माहेर पाहणारी म्हातारी आता मनात आलं की परतूरला बहिणीकडे जाऊन संध्याकाळी परत येते. तिला मुलाकडे पैसे मागावे लागत नाहीत, म्हणून कारणही सांगावं लागत नाही. भेटीगाठी वाढवणारी इतकी मोठी योजना राज्यात दुसरी क्वचितच असेल. जिथे अजून गाडीच जात नाही, अशा वस्तीवरचं माणूस मात्र या सवलतीतून बाहेर राहतं. म्हणून एसटीची एक फेरी मागणं ही ज्येष्ठांच्या आरोग्याचीही मागणी आहे.

बसभाड्याचाच एक प्रसंग आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेचा. डिक्सन चिबांडा हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. चिबांडांनी बोलावलं असूनही ती दवाखान्यात आली नव्हती, कारण बसच्या भाड्याला पैसे नव्हते. देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चिबांडांकडे ना इमारत होती, ना पैसा. २००६ साली हरारे शहरातल्या म्बारे वस्तीत त्यांना १४ आज्या मिळाल्या. त्यांनी या आज्यांना दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यायचं, अडचणींतली एक निवडून तिच्यावर वाट कशी काढायची हे शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक ठेवला. माणसं येऊन आजीशेजारी बसू लागली. २०१६ साली अमेरिकेतल्या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात या कामाची चाचणी प्रसिद्ध झाली. २४ दवाखाने आणि ५७३ रुग्णांच्या त्या चाचणीत, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची उदासी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. पुढे ही कल्पना इतर देशांतही गेली. आपल्याला इथे पाहायचं ते बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे. ज्या वयात घरचे म्हणतात ‘तू बस, काही करू नकोस’, त्या वयात या बायकांकडे रोज कुणीतरी सल्ला मागायला येत होतं.

महाराष्ट्रातही असं काम झालं आहे. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प चालला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने, डॉ. सौमित्र पाठारे यांच्या मार्गदर्शनाखाली, गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचं आणि आधार देण्याचं शिक्षण दिलं. ते गावकरी नुसतं ऐकून थांबत नव्हते. निराधार योजनेचा अर्ज, रेशनचा घोळ, दवाखान्याची वाट हेही पाहत होते. खेड्यातल्या माणसाचं दुःख आणि कागद एकमेकांत अडकलेले असतात, हे त्यांनी ओळखलं. श्रावणबाळ योजनेचा पगार बंद पडलेल्या लाभार्थ्याला धीर द्यायचा तर आधी बँकेत त्याचं आधार जोडून द्यावं लागतं. मग तो बोलतो.

आणि फांगणे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं छोटंसं गाव. २०१६ च्या शिवजयंतीच्या सुमारास पोथीवाचन चाललेलं पाहून गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर! जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते ऐकलं आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाला, आजीबाईंची शाळा सुरू केली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने साहित्य दिलं. गणवेश म्हणजे गुलाबी नऊवारी. खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी-पेन्सिल. दुपारची कामं आटोपली की साठ ते नव्वदीच्या बायका वर्गात मांडी घालून बसायच्या. शिकवणारी गावातलीच सून, तिची सासूही विद्यार्थिनींत. काहींची नजर अधू, हात थरथरणारा, तरी अंगठ्याच्या जागी सही आली.

या शाळेची छायाचित्रं जगभर गेली ती गुलाबी रंगामुळे. गावाच्या दृष्टीने त्यात तीन गोष्टी मोलाच्या होत्या. वेळ ठरलेली होती. हजेरी होती, म्हणजे एखादी आली नाही तर कुणीतरी तिच्या दारात जाऊन ‘काय गं, आज का आली नाहीस?’ म्हणणार होतं. आणि घरी नातवंडं आजीचा अभ्यास घेऊ लागली, त्यामुळे दोघांना बोलायला विषय मिळाला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ज्येष्ठांना प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास मुलांना वाचायला मदत करण्याचं काम दिलं गेलं, तेव्हाही असंच आढळलं. मुलं सुधारली आणि म्हातारी माणसं जास्त हिंडती-फिरती झाली.

शहरांतल्या ज्येष्ठांनी आपली संघटना कधीच उभी केली आहे. ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० पासून महाराष्ट्रात काम करतो आहे. वाढदिवस, सहली, आरोग्य तपासणी, मागण्यांचे मोर्चे, सगळं तिथे होतं. मात्र हा संघ मुख्यतः निवृत्तिवेतन असलेल्या, वाचत्या-लिहित्या माणसांचा. शेतमजूर बाईला सत्तरीतही निवृत्ती नसते. ती सकाळी शेळ्या सोडते, दुपारी वेचणीला जाते. तिच्यासाठी गावाला वेगळी घडी बसवावी लागेल.

कायद्याचा आधार आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून म्हाताऱ्याला मुलाकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. ज्याला उपाशी ठेवलं जातं त्याने तो जरूर मागावा. पण भाकरीचा हुकूम देता येतो, बोलण्याचा देता येत नाही.

एक नाजूक गोष्टही या व्यासपीठावरून बोलली पाहिजे. जोडीदार गेलेल्या माणसाने पुन्हा सोबत शोधली तर गाव हसतं, मुलं वाटणीच्या काळजीने बिथरतात. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांना पुन्हा जोडीदार मिळावा म्हणून मंडळ सुरू केलं. लग्न करून किंवा न करता, मालमत्तेच्या अटी आधीच कागदावर ठरवून, माणसं एकत्र राहू लागली. कुंभार पिंपळगावसारख्या गावात हे उद्याच घडेल असं नाही. पण वाइस यांनी सांगितलेलं पहिल्या प्रकारचं एकटेपण भजनी मंडळाने भरून येत नाही, एवढं तरी गावाने मान्य करावं आणि अशा माणसाची चेष्टा थांबवावी.

मग गावाने करायचं काय? नवी इमारत लागत नाही. पहिली गोष्ट शाळेतून सुरू करता येते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, ती माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. रझाकारांच्या दिवसांत रात्री गाव सोडल्याचं ज्यांना आठवतं, ती पंच्याऐंशी ओलांडून गेली. त्यांच्यामागून हे सांगणारं कुणी नाही. आठवी-नववीच्या मुलांनी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी एका घरी जावं, ऐकावं, लिहावं, पुढच्या आठवड्यात वाचून दाखवावं आणि चुका विचाराव्यात. वाचून दाखवणं महत्त्वाचं. त्यामुळे पाहुणा परत येतो आणि म्हातारं माणूस मधल्या दिवसांत आठवत बसतं.

दुसरी गोष्ट बाजारच्या दिवसाची. पंचक्रोशीतली माणसं त्या दिवशी कुंभार पिंपळगावात येतात. म्हातारी माणसं भाजी घेण्याच्या निमित्ताने खरं तर ओळखीचे चेहरे पाहायला येतात. बाजाराच्या कडेला सावली, टेकायला पाठ असलेले बाक, प्यायचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह एवढं केलं तर दहा गावांच्या जुन्या मैत्रिणींना तास-दोन तास बसता येईल. स्वच्छतागृह नाही म्हणून कित्येक बायका सकाळपासून पाणी न पिता बाजार करतात आणि घाईने परततात. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात हा खर्च बसतो.

तिसरी गोष्ट हंगामाची. कोयता गेल्यावर कोणत्या घरात म्हातारं माणूस पोरांसह उरलं, याची यादी आशाताईंना तोंडपाठ असते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात त्या घरोघरी जाऊन प्रश्न विचारत आल्या आहेत. ती यादी कागदावर यावी आणि प्रत्येक घराला रात्री-अपरात्री हाक मारायला एक शेजारघर ठरवून द्यावं. पोस्टमनलाही यात घ्यावं. टपाल खात्याच्या बँकेमार्फत तो हयातीचा दाखला घरी येऊन काढतोच; फ्रान्सच्या टपाल खात्याने २०१७ पासून म्हाताऱ्या आई-वडिलांची घरी जाऊन चौकशी करण्याचं काम पोस्टमनना रीतसर दिलं आहे.

चौथी गोष्ट फोनवरची, चाकणला किंवा वाळूजला असलेल्या मुलामुलींसाठी. ‘जेवलात का, गोळी घेतली का’ हे विचारून फोन दोन मिनिटांत संपतो. त्याऐवजी एक खरी अडचण विचारावी : पोराला अंगावर पुरळ आलंय, काय लावू? मेहुण्याशी बोलणं बंद झालंय, काय करू? फोनचा वार आणि वेळ ठरवावी आणि ती पाळावी.

आणि ज्येष्ठांनी स्वतः? बोलावलं तर आधी नाही म्हणण्याची सवय सोडावी. पारावर नवं माणूस आलं तर सरकून जागा द्यावी. मन फारच खचलं, जगणं नको वाटू लागलं, तर ते घरातल्या एकाला तरी स्पष्ट सांगावं. ज्येष्ठांसाठी देशभर १४५६७ हा मोफत क्रमांक आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हे दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत, इतके मोठे की चष्म्याशिवाय वाचता येतील.

१ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरवलेला जागतिक ज्येष्ठ दिन आणि दुसऱ्याच दिवशी, गांधी जयंतीला, गावोगाव ग्रामसभा भरते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची महाराष्ट्रात तरतूद आहे. त्याच धर्तीवर यंदा १ तारखेला साठीपुढच्या बायका-पुरुषांची सभा घ्यावी आणि दुसऱ्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर चार विषय ठेवावेत : बाजाराजवळची बसायची जागा आणि स्वच्छतागृह, कान-डोळे तपासणीचं शिबिर, शाळेचा आठवणी लिहून घेण्याचा उपक्रम आणि हंगामात मागे राहणाऱ्या घरांची यादी. ठरावाला सूचक म्हणून सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या बाईचं नाव असावं. या कामाची पहिली बैठक ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर भरण्याआधी व्हावी, म्हणजे जाणाऱ्यांना आपल्या घराशेजारी कोण आहे हे ठाऊक असेल.